माळवदाचा कठडा

(येडशी येथे, कामासाठी पुण्याकडे निघालेले तरुण व त्यांचे पालक यांच्या सभेत केलेले भाषण)

चाकणला निघालेल्या माझ्या मुलांनो,

अनुवाद 22:8 उघडून पाहा. नव्या घराच्या धाब्याला कठडा हवाच, असे तिथे सांगितले आहे. तो नसल्यामुळे कोणी पडून मेला, तर दोष घरमालकाचा. उन्हाळ्यात आपली लेकरे माळवदावर झोपतात, त्यामुळे कठड्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. कारखान्यातला नियम म्हणजे असाच कठडा.

तुमच्यातले बरेच जण ट्रॅक्टर चालवतात, म्हणून फोर्कलिफ्ट सोपी वाटते. घात तिथेच होतो. ट्रॅक्टरची पुढची चाके वळतात, फोर्कलिफ्टची मागची. वळताना तिचा मागचा भाग बाहेर झोकला जातो आणि शेजारी उभ्या माणसाला दाबतो. माल नेताना काटे जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. उंच धरून वळलात तर गाडी कलंडते. भरलेली गाडी उतारावरून रिव्हर्सनेच खाली न्या. काट्यांवर माणूस चढवू नका, काट्यांखालून कोणाला जाऊ देऊ नका. पट्टा बांधा. गाडी कलंडलीच तर उडी मारू नका, तिच्याच खाली सापडाल. स्टिअरिंग घट्ट धरून विरुद्ध बाजूला झुका.

गेल्या वर्षी आपल्या पारधी वस्तीवरचा एक मुलगा पायाची बोटे गमावून परत आला. त्याला कोणी शिकवले नव्हते, बूटही दिले नव्हते. ठेकेदार म्हणाला, "याचे नाव रजिस्टरात नाही." मी विचारले, "कागद का मागितला नाहीस, बाळा?" तो म्हणाला, "कागद म्हटले की पोलीस आठवतात."

हे ऐकून मी गप्प झालो. गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला, पण हजेरीची भीती आजोबांकडून नातवापर्यंत आली आहे. कायदा म्हणजे आपल्या पाठीवरची काठी, एवढेच या लोकांनी पाहिले. म्हणून आज मुद्दाम सांगतो, हा कायदा तुमच्या बाजूचा आहे. 1987 साली कारखाने अधिनियमात कलम 111-अ आले. सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क, असे त्यात लिहिले गेले. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेने नियुक्तीपत्रही बंधनकारक केले. ते मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलाला निरोप देताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना कराच, पण त्याआधी विचारा, "नियुक्तीपत्र मिळाले का? ईएसआयमध्ये नाव आहे का? शिकवल्याशिवाय गाडीवर बसणार नाहीस ना?" आणि त्याला हे विचारायचे धैर्य होत नसेल, तर त्याच्यासाठी फोन आपण करू. कठडा बांधण्याची आज्ञा घरमालकाला होती, हे खरे. पण कठडा नाही हे दिसत असूनही आपण गप्प बसलो, तर दोषातून आपणही सुटत नाही.

प्रभू तुमचे जाणे-येणे सांभाळो. आमेन.