जेवण नाकारणारे मूल हट्टी नसते
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या जेवणाविषयी बोलणार आहे. असे मूल कधी फक्त पांढरा भातच खाते, तर कधी एकाच प्रकारचे बिस्किट. पुड्याचा रंग बदलला तरी तोंड फिरवते. मग घरातले म्हणतात, "आईने लाडावून ठेवले आहे." हा आरोप खोटा आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे.

अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतही खाण्याच्या अडचणी आढळतात. पुढे बरीच वर्षे आईची माया कमी पडल्याने मूल असे होते, असे काही तज्ज्ञही म्हणत. संशोधनाने ते मत खोटे ठरविले. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील वेगळी घडण आहे. या मुलांना वास, चव, रंग व स्पर्श आपल्यापेक्षा फार तीव्र किंवा फार मंद जाणवतात. वरणातील एखादी गाठ किंवा फोडणीचा वास त्यांना असह्य होऊ शकतो.

आपण सास्तूरकरांना हे समजणे अवघड नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर कित्येकांना छपराखाली निजण्याचा धीर होत नव्हता. त्यांना कोणी हट्टी म्हटले नाही. भीती अंगात भिनली की समजुतीचे शब्द अपुरे पडतात. या मुलाची ताटासमोर तशीच अवस्था होते.

म्हणून बळजबरी करू नका. "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशीही ठेवू नका. काही मुले तरीही खात नाहीत. जेवणाची वेळ, जागा आणि ताट ठरलेले ठेवा. मधल्या वेळचा चहा, बिस्किटे व कुरकुरे कमी करा. चहाने भूक मरते आणि अन्नातील लोहही अंगी कमी लागते. मुलाच्या ओळखीच्या पदार्थाशेजारी वेगळ्या वाटीत नवा पदार्थ चिमूटभर ठेवा. पाहणे, हात लावणे, हुंगणे, चाटणे आणि मग खाणे, अशा या पायऱ्या आहेत. दहा-पंधरा वेळा ठेवूनही नाकारले तर निराश होऊ नका. भातात अंडे किंवा औषध लपवू नका. मुलाला कळले तर भातावरचाही विश्वास उडेल. रमजानमध्ये घराच्या वेळा बदलतात आणि ईदला पाहुणे येतात. त्या दिवसांतही त्याचे जेवण नेहमीच्या वेळी, शांत जागी द्या.

गव्हाचे पदार्थ व दूध बंद केल्याने स्वमग्नता बरी होते, असे सांगणारे भेटतात. त्याला भक्कम पुरावा नाही. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातील दोन काढून घेतले तर नुकसानच होईल. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पथ्य करू नका.

काही लक्षणे मात्र दुर्लक्षू नयेत. वजन घटणे, जेवताना ठसका लागणे, सतत बद्धकोष्ठ, माती किंवा रंगाचे पोपडे खाणे ही ती लक्षणे होत. हिरड्यांतून रक्त येऊन मूल पाय दुखतात म्हणून चालेनासे झाले, तर 'क' जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो. फळे व भाज्या मुळीच न खाणाऱ्या मुलांत हा आजार आजही आढळतो. कधी दुखणारी दाढही न खाण्याचे कारण असते. म्हणून दातही तपासून घ्या. आपल्या गावात स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. तेथे मुलाला दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत तपासणी करतात. त्या दिवशी मूल घरी लपवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यात लाज कसली?

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या पोषण आहाराच्या पंगतीत एखादा मुलगा नुसता कोरडा भात खात असेल तर हसू नका. त्याच्याजवळ बसून आपले ताट आनंदाने संपवा. पाहत पाहतही मूल शिकते.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनो, त्या आईला बोल लावण्यापेक्षा एका वेळचे भरवणे आपल्या हाती घ्या. तिचा भार तेवढा तरी हलका होईल.