पीएच.डी. नंतर पुढे काय? जीनोम संशोधन आणि शेतकऱ्यांची मुले

(शेतकरी मेळाव्यात पालक-शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण तुरीचे वाण, बीजप्रक्रिया आणि ठिबक संचाची देखभाल याविषयी ऐकले. माझा विषय जरा निराळा आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली कृषी महाविद्यालयात शिकत आहेत. काहींची एम.एस्सी., पीएच.डी. पर्यंत पोहोचली आहेत. त्यांच्या पुढच्या वाटेसंबंधी आज बोलावयाचे आहे.

गेल्या वर्षी एक शेतकरी माझ्या कार्यालयात आले. त्यांची मुलगी आमच्याच विभागातून वनस्पती जैवतंत्रज्ञानात पीएच.डी. झालेली. हातात एका राष्ट्रीय संशोधन संस्थेचे पत्र होते. ते म्हणाले, "साहेब, पहिलीपासून धरून बावीस वर्षे शिकली पोरगी. डॉक्टर झाली म्हणून गावात पेढे वाटले. आता हे पोस्टडॉक काय निघाले? दोन वर्षांचेच पत्र आहे. ही नोकरी आहे का शिक्षण आहे, ते तेवढे सांगा. घरी पाहुणे येऊन बसलेत."

प्रश्न रास्त होता. मी त्यांना जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने आपल्यापुढे ठेवतो.

आधी काम काय आहे ते पाहू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या गुणधर्मांची लिखित नोंद असते. ही नोंद चारच अक्षरांत लिहिलेली असते, पण ती फार लांब असते. या संपूर्ण नोंदीला जीनोम म्हणतात. आपल्या तुरीचा जीनोम सुमारे ८३ कोटी अक्षरांचा आहे. तो अकरा गुणसूत्रांच्या जोड्यांत विभागलेला आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेच्या पुढाकाराने २०११ साली या नोंदीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात ४८,६८० जनुके असल्याचा अंदाज दिला होता. त्यासाठी जो वाण निवडला, तो आपल्यापैकी अनेकांनी पेरलेला आहे. मर आणि वांझ रोगास प्रतिकारक असलेला ‘आशा’, म्हणजे आयसीपीएल ८७११९, हाच तो वाण. त्याच वर्षी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांनीही याच वाणाचा मसुदा स्वतंत्रपणे मांडला. हरभऱ्याचा मसुदा २०१३ साली आला. भाताचा तर २००५ मध्येच पूर्ण झाला होता. दहा देशांनी मिळून केलेल्या त्या कामात अकराव्या गुणसूत्राचा वाटा भारताने उचलला होता.

आता ही ८३ कोटी अक्षरे वाचायची कशी? यंत्र ती सलग वाचीत नाही. तुरीच्या त्या कामात यंत्राने शंभरच्या आसपास अक्षरांचे कोट्यवधी तुकडे वाचून दिले. एखाद्या पोथीच्या अनेक प्रती फाडून त्यांचे कपटे एका पोत्यात भरले आणि पोते तुमच्यापुढे ओतले, तर काय कराल? एका कपट्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतो का, हे पाहत पाहत पोथी उभी करावी लागेल. माणसाच्या हाताने हे जन्मात होणार नाही. हे काम संगणक करतो. संगणकाला ते करावयास लावण्याचे आणि जुळलेल्या मजकुरातून अर्थ काढण्याचे जे शास्त्र, ते जैवमाहितीशास्त्र किंवा बायोइन्फॉर्मेटिक्स. पुणे विद्यापीठात या विषयाचे केंद्र १९८७ पासून आहे. दिल्लीच्या कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत शेतीच्या जैवमाहितीसाठी वेगळे केंद्र व महासंगणक आहे. तेव्हा हा विषय आपल्याकडे अगदीच नवा आहे असे नाही.

आपण विचाराल, अक्षरे जुळली, पुढे काय? माझ्या बांधावर काय आले?

हरभऱ्याचेच उदाहरण घ्या. अण्णिगेरी-१ हा कर्नाटकातील जुना, लोकांच्या आवडीचा वाण, पण तो मर रोगाला बळी पडतो. डब्ल्यूआर ३१५ नावाच्या हरभऱ्यात मर रोगाची प्रतिकारशक्ती होती. जुन्या पद्धतीने संकर करावयाचा म्हणजे दर पिढीला झाडे रोगट जमिनीत लावायची, मरतात का जगतात पाहायचे आणि जगलेल्यांतून पुन्हा निवडायचे. आता प्रतिकारशक्तीच्या जनुकाजवळची खूण, म्हणजे मार्कर, ठाऊक असेल तर रोप लहान असतानाच पानाचा बारीक तुकडा तपासून ते ठेवायचे की उपटायचे हे ठरविता येते. अशा निवडीतून ‘सुपर अण्णिगेरी-१’ तयार झाला. तसेच आयसीसी ४९५८ या हरभऱ्याच्या मुळ्या खोल व भरपूर असतात. त्याचा दुष्काळ सोसण्याचा गुण पुसा ३७२ मध्ये आणून ‘पुसा चिकपी १०२१६’ हा वाण काढला. पाण्याच्या ताणात त्याचे उत्पादन मूळ वाणापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त आल्याची नोंद आहे. हे दोन्ही वाण २०१९ साली प्रसारित झाले. भातात तर हे आधीच घडले होते. ओडिशातील एफआर १३ए या जुन्या भाताला पुराच्या पाण्याखाली तग धरण्याचा गुण होता. त्याचे जनुक २००६ साली नेमके हाती लागले आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब १’ हा वाण शेतकऱ्यांना मिळाला. पुराखाली साधारण दोन आठवडे बुडूनही तो पुन्हा उभा राहतो.

पण मंडळी, या कामाची एक बाजू वर्तमानपत्रात येत नाही. संगणक अक्षरे सांगतो. कोणते झाड कशाने मेले, हे तो सांगत नाही. ते शेतात उभ्या असलेल्या माणसालाच सांगावे लागते.

आमच्या विभागातलीच गोष्ट सांगतो. मर रोगास बळी पडणारी एक तूर आणि एक प्रतिकारक तूर यांच्या संकरातून आलेल्या ओळी आम्ही मररोगग्रस्त क्षेत्रात, म्हणजे ज्याला आम्ही सिक प्लॉट म्हणतो त्यात, लावल्या होत्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला आणि खालच्या अंगाला पाणी साचले. झाडे माना टाकू लागली. मेलेल्या प्रत्येक झाडापुढे नोंदवहीत ‘मर’ असे लिहिले गेले. त्या नोंदवहीवर सही माझी होती. पुढे ती माहिती संगणकात घातली, तेव्हा त्याने ज्या गुणसूत्रावर बोट ठेवले, तिथे मर रोगाशी संबंधित काही असेल असे आम्हाला वाटेना. सहा महिने आम्ही संगणकाची आज्ञावलीच तपासत बसलो.

चूक शोधली ती पीएच.डी. करणाऱ्या या मुलीने. दुसऱ्या वर्षी ती स्वतः चिखलात उतरली आणि मेलेल्या प्रत्येक झाडाचे खोड उभे चिरून पाहिले. मर रोगाच्या झाडात साल काढली की आतून तपकिरी-काळ्या रेषा दिसतात आणि बुंध्यापासून वर जांभळट पट्टा चढलेला असतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. खालच्या अंगाच्या बऱ्याच झाडांत ती रेषा नव्हती. ती पाण्याने गुदमरून गेली होती. काहींच्या खोडावर करपा होता. नोंदी दुरुस्त केल्या आणि मग संगणकाचे उत्तर जागेवर आले. मी तिला विचारले, हे तुला कसे सुचले? ती म्हणाली, "सर, आमच्या वडिलांनी सांगितले होते, झाड चिरल्याशिवाय मर म्हणायची नाही."

तिचे वडील म्हणजे पत्र घेऊन आलेले तेच गृहस्थ. मी त्यांना म्हणालो, "भाऊ, शहरातल्या संगणकशास्त्राच्या मुलाला आज्ञावली लिहिता येते, पण त्याने तूर चिरून पाहिलेली नसते. तुमच्या मुलीला दोन्ही येते. अशी माणसे या क्षेत्रात थोडी आहेत. तिला त्या संस्थेने बोलावले ते यासाठी."

आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पोस्टडॉक ही पदवी नाही. दोन-तीन वर्षांनी त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावता येत नाही. ते मुदतीचे, पगारी संशोधनाचे काम आहे. पीएच.डी. झालेला उमेदवार एखाद्या प्रमुख शास्त्रज्ञाच्या हाताखाली पण स्वतःच्या बुद्धीने काम करतो, शोधनिबंध लिहितो आणि त्या जोरावर पुढे कायम जागेसाठी उभा राहतो. केंद्र सरकारच्या प्रकल्पांतील रिसर्च असोसिएटला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि वर घरभाडे असे दर ठरविण्यात आले. केंद्राची ‘नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप’ दोन वर्षांची असते. तिच्यासाठी वयाची मर्यादा ३५ वर्षे असून स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग यांना ५ वर्षांची सवलत मिळत आली आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि सीएसआयआर यांच्याही असोसिएटशिप आहेत. लग्न, बाळंतपण यामुळे काम सुटलेल्या स्त्रियांसाठी ‘वाईज-किरण’ आणि ‘बायोकेअर’ या नावांच्या योजना काढण्यात आल्या. ही गोष्ट मुलींच्या आई-वडिलांनी आणि विशेषतः सासू-सासऱ्यांनी लक्षात ठेवावी. रक्कम, वय आणि तारखा बदलत असतात, म्हणून प्रत्येक वेळी ताजी जाहिरात मुलांकडून वाचून घ्यावी.

परदेशातही संधी आहेत. युरोपची मारी क्युरी, जर्मनीची हम्बोल्ट, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू या नावाजलेल्या शिष्यवृत्त्या आहेत. तिकडे जाऊन आलेल्यांना परत बोलावण्यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने रामलिंगस्वामी फेलोशिप पाच वर्षांसाठी ठेवली. येथे एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. पोस्टडॉकला फी नसते. उलट संस्थाच माणसाला पगार देते. "परदेशात पोस्टडॉक लावून देतो, एवढे लाख भरा" असे कोणी म्हणाले, तर तो माणूस फसवीत आहे असे समजावे. यासाठी एक गुंठाही विकू नये आणि सोसायटीचे कर्जही काढू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन वर्षे संपल्यावर कायम जागा मिळेलच असे नाही. विद्यापीठांच्या जागा वेळेवर निघत नाहीत, हे मी आत बसून पाहतो. काही मुले एकामागून एक अशा तीन मुदती करतात आणि चाळिशी जवळ येते. म्हणून रुजू होण्यापूर्वी मुलांनी चार प्रश्न विचारावेत. या शास्त्रज्ञाच्या हाताखालून गेलेले लोक आज कोठे आहेत? प्रकल्पाचा पैसा किती महिने पुरेल? शोधनिबंधावर नाव कोणाचे येईल? आणि शेतावरचे काम आहे की नुसते पडद्यापुढचे? त्याबरोबर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेतील शास्त्रज्ञ पदासाठीची परीक्षा देणे सोडू नये. जालन्याकडच्या व इतर बियाणे कंपन्यांनाही पैदासकाराची भाषा आणि संगणकाची भाषा या दोन्ही कळणारी माणसे लागतात. ती वाट कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही.

तयारी मात्र लवकर सुरू करावी. आपल्या कृषी पदवीच्या मुलांचा गणिताचा हात कच्चा असतो. बारावीनंतर सुटलेले गणित एम.एस्सी. च्या संख्याशास्त्रात आडवे येते. लिनक्स, पायथॉन आणि आर या तीन गोष्टी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून शिकाव्यात. ‘स्वयम्’ व ‘एनपीटेल’ वरील अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. तूर, हरभरा, भात यांच्या जीनोमची माहितीही सर्वांना मोफत खुली आहे. एक साधा संगणक आणि इंटरनेट असले तर मूल घरी बसून सराव करू शकते. सुटीत घरी आलेला मुलगा रात्री संगणकापुढे बसला तर रागावू नका. पण सकाळी त्याला खुरपणीला न्यायलाही विसरू नका.

त्या गृहस्थांनी सगळे ऐकून घेतले. पाहुण्यांना काय सांगितले ते मी विचारले नाही. मुलगी ठरलेल्या तारखेला रुजू झाली, एवढे मला ठाऊक आहे. पावसाळ्याच्या तोंडी ते पुन्हा आले, तेव्हा हातात कापडी पिशवी होती. आत त्यांच्या आजोबांपासून घरात राखलेली, बारीक लाल दाण्याची तूर होती. "पाणी साचले तरी ही लवकर मरत नाही, असे आमच्याकडे म्हणतात. खरे का खोटे, ते तुम्ही बघा," असे म्हणून त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. दाणे वाळवून, नाव-गाव लिहून आम्ही ठेवले आहेत. यंदा खालच्या अंगाला चार ओळी लावल्या आहेत. आपल्यापैकी कोणाकडे असे घरचे जुने बी असेल, तर जेवणानंतर आमच्या दालनात माझी गाठ घ्यावी. पाव किलो पुरे.