पंचनाम्यात तिचं नाव कुठं होतं?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'पूर, मदत आणि लोकप्रतिनिधी'. मी काही राजकारणातली बाई नाही. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर चिपळूणला घरी बसले होते. पण पुरानंतर जवळजवळ पाच महिने मी एका आमदारांच्या मदत केंद्रावर फॉर्म भरायला बसले. आमदार विधान परिषदेचे, आमच्या मतदारसंघाचे नव्हेत. त्यांचं नाव घेत नाही, कारण त्यांनीच तशी अट घातली आहे. आमदाराने 'माझं नाव घेऊ नका' म्हणावं, हीच मुळात ऐकण्यासारखी गोष्ट आहे!

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. करोनाचे दिवस, त्यामुळे नमाज घरातच झाली होती. गोश्ताचे वाटे अर्धे वाटून झाले होते, अर्धे फ्रीजमध्ये. रात्रभर पाऊस कोसळत होता. २२ तारखेच्या पहाटे शेजारच्या मुलाने दार बडवलं, "मॅडम, पाणी रस्त्यावर आलंय, वर चला." आम्ही कोकणातली माणसं पावसाला भीत नाही, आणि २००५ चा पूर आम्ही पाहिलेला. त्या वेळी पाणी जिथवर आलं होतं ती खूण आमच्या भिंतीवर होती. आम्ही त्या खुणेच्या वर सामान ठेवलं आणि निवांत झालो. यंदा पाण्याने ती खूण केव्हाच गिळली. पौर्णिमा दोन दिवसांवर, दाभोळच्या खाडीला उधाणाची भरती, वरून सह्याद्रीचा लोंढा. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या बाजारपेठेत एकमेकींना भेटायला आल्या. कोळकेवाडी धरणाच्या पाण्याचा वाटा किती, हा वाद चिपळूणच्या चहाच्या टपरीवर अजून रंगतो. मी त्यात पडत नाही. माझ्या शिक्षणाच्या पलीकडचं ते गणित आहे.

पाणी ओसरलं आणि मदत सुरू झाली. ती इतकी आली की ठेवायला जागा नव्हती. महाराष्ट्रभरातून टेम्पो आले. मंडळं आली, गुरुद्वाराचं लंगर आलं, मशिदीच्या जमाती आल्या, चर्चची माणसं आली. चिखल काढायला आलेल्या पोरांनी कुणाचं घर कुणाचं हे विचारलं नाही. ते दिवस आठवले की आजही गळा दाटतो. पण चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या गल्लीत एकेका घरात बिस्किटाचे सहा-सहा पुडे आणि पाण्याचे खोके होते, आणि रेशनकार्ड एकही धड नव्हतं.

याच वेळी हे आमदार आले. त्यांच्याबरोबरही तीन टेम्पो किट होते. मी जरा तिखट स्वभावाची. म्हटलं, "साहेब, हे परत न्या. आम्हाला एक झेरॉक्स मशीन आणि इन्व्हर्टर द्या." ते हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, "का, ते सांगा." मी त्यांना तीन घरं दाखवली. दोऱ्यांवर कपडे नव्हते, कागद वाळत होते. आधार, सात-बारा, निकाहनामे, मार्कशीट, बँकेची पासबुकं. शाई उतरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. दुसऱ्या दिवशी मशीन आलं, आणि दोन मुलं लॅपटॉप घेऊन आली. शाळेच्या पडवीत टेबल लागलं.

आता जरा रुक्ष भाग सांगते, पण तो कान देऊन ऐका. सरकारची मदत भावनेवर येत नाही, ती शासन निर्णयातल्या वाक्यावर येते. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात महापूर आला, तेव्हा मोफत गहू-तांदळासाठी घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची अट होती. लोक किती चिडले होते, आठवत असेल. चिपळूणचं पाणी त्या मानाने लवकर उतरलं. तीच अट लावली असती तर गळ्यापर्यंत बुडालेलं अख्खं शहर कागदावर कोरडं ठरलं असतं. २०२१ मध्ये ४८ तासांची ती अट शिथिल झाली. कपड्यांसाठी पाच आणि भांड्यांसाठी पाच असे कुटुंबाला दहा हजार रुपये मिळाले. एक ओळ बदलली आणि हजारो घरांत पैसे गेले. आमदार मला म्हणाले, "मॅडम, आमचं खरं काम ही ओळ आहे. किट कोणीही वाटतं."

पण त्याच निर्णयात दुसऱ्याही ओळी होत्या. दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त पन्नास हजार. टपरीवाल्याला ७५ टक्के, जास्तीत जास्त दहा हजार. आणि अट काय? स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव हवं, रेशनकार्ड हवं, दुकान-टपरी अधिकृत आणि परवान्याची हवी. आता तुम्हीच तुमच्या गावचा बाजार डोळ्यांसमोर आणा. पंक्चरवाला, चपला शिवणारा, रस्त्यावर फळं विकणारा, पंधरा वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून आलेला बेकरीतला कारागीर. नदीने यांचा परवाना विचारला नव्हता. या लोकांचे अर्ज आम्ही भरले, बहुतेक परत आले. हे मी लपवत नाही.

'कुटुंब' या शब्दाने तर मला जास्त शिकवलं.

आमच्या मोहल्ल्यात जुनी मोठी घरं. आजोबांच्या नावावर घर, तीन भाऊ, तीन चुली, रेशनकार्ड एकच. त्यातला एक भाऊ कुवेतला. पंचनाम्याची माणसं यायची, बिचारी बाहेरच्या तालुक्यांतून आलेली, चिखलात गुडघाभर उभी राहून लिहायची. त्यांना दोष देऊन काय उपयोग? घरात जो पुरुष समोर येईल त्याचं नाव लिहिलं जायचं. आणि याच घरातल्या मागच्या खोलीत एक बहीण असायची, माहेरी परत आलेली. कुणाचा तलाक झालेला, कुणाला नवऱ्याने नुसतंच सोडलेलं, कुणी विधवा. शिवणयंत्रावर स्वतःचं आणि पोरांचं पोट भरणारी. तिचं यंत्र गेलं, भांडी गेली, पोरांची वह्या-पुस्तकं गेली. पंचनाम्यात ती कुठे? कुठेच नाही. कारण तिचं नाव अजून नवऱ्याच्या रेशनकार्डावर. तिथून नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय दुसरीकडे चढत नाही, आणि तो माणूस दाखला काढू देत नाही.

गंमत बघा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख मानलेली आहे. म्हणजे तांदूळ आणताना बाई प्रमुख, आणि नुकसान लिहिताना पुरुष.

मी एक वही केली. फक्त या बायकांची. नाव, मूळ कार्ड कुठलं, चूल वेगळी आहे का, साक्षीदार दोन. दोन पानं होतील असं वाटलं होतं, वही संपत आली. आमदारांनी ती वही घेऊन सरकारी कार्यालयात चकरा मारल्या. फोन करून सोडलं नाही, स्वतः जाऊन बसले. मागणी साधी होती, कार्ड एक असलं तरी चूल वेगळी असेल तर स्थानिक चौकशी करा आणि वेगळा पंचनामा करा. काही बायकांचं झालं. बऱ्याच जणींचं झालं नाही. ज्यांचं झालं नाही त्यांच्यासमोर आमदार येऊन बसले आणि म्हणाले, "माझ्या पत्राने होणार नाही, नियम बदलावा लागेल. मी प्रयत्न करतो, पण या वेळचे पैसे तुम्हाला मिळणार नाहीत." पुढाऱ्याच्या तोंडून 'मिळणार नाहीत' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. एक बाई मला नंतर म्हणाली, "निदान खेटे तरी वाचले."

आता सभागृहाचं म्हणाल, तर त्या वर्षीचं पावसाळी अधिवेशन ५ आणि ६ जुलैला, दोन दिवसांत आटोपलं होतं. पूर आला २२ जुलैला. पुढचं अधिवेशन थेट २२ डिसेंबरला, मुंबईत, कामकाजाचे दिवस पाच. म्हणजे पाच महिने प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. त्यांनी प्रश्न दिला होता, तो चर्चेला आलाच नाही. आपण आमदाराला लग्नाला बोलावतो, उद्घाटनाला बोलावतो, आणि अधिवेशन किती दिवस चाललं हे मात्र कधी विचारत नाही.

डिसेंबरात आमच्या शहरात साखळी उपोषण सुरू होतं, नदीतला गाळ काढा म्हणून आणि पूररेषांच्या विरोधात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शहराचा मोठा भाग त्यांच्या आत जाणार, म्हणजे उद्या पडकी भिंत बांधायलाही अडचण. मीही त्या मांडवात बसले. पण घरी आल्यावर भिंतीवरची बुडालेली खूण दिसायची आणि वाटायचं, रेषा पुसली म्हणून पाणी थोडंच मागे जाणार आहे? हे मांडवात बोलले असते तर लोकांनी मला उठवलं असतं.

एक गोष्ट राहिली, आणि ती आपल्या घरातली आहे.

सरकारच्या यादीवर मी इतकं बोलले. आमच्या जमातीनेही मदत वाटली, मनापासून वाटली. परदेशातल्या आमच्या मुलांनी पैसे पाठवले होते. मी ती यादी मागून घेतली आणि माझी वही शेजारी ठेवली. जमातीच्या यादीतही घरटी एक नाव होतं. पुरुषाचं. माझ्या वहीतल्या बायकांपैकी एकही त्यात नव्हती. तिथे कोणता शासन निर्णय आडवा आला होता? कोणत्या तलाठ्याने नाव गाळलं होतं? जबाबदार मंडळींना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भावाला दिलं म्हणजे तिला मिळालंच की." एका वृद्ध चाचांनी मात्र यादी उलटी ठेवली आणि म्हणाले, "नवी करू." त्या नव्या यादीसाठी मोहल्ल्यातल्या तीन मुली दारोदार फिरल्या, आणि त्या पुरुषांशी नाही, स्वयंपाकघरात जाऊन बोलल्या.

आमदारांची मुदत नंतर संपली. झेरॉक्स मशीन अजून शाळेत आहे, खडखड करतं पण चालतं. आम्ही दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, मोहल्ल्यातल्या कागदांच्या प्रती काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवतो. माझ्या वहीतल्या काही बायकांची स्वतंत्र रेशनकार्डं झाली आहेत, काहींची प्रकरणं अजून अडकलेली आहेत. ती वही मी आज बरोबर आणली आहे. त्यातली नावं कुणाला दाखवणार नाही, पण रकाने कसे आखले ते जेवणाच्या सुटीत दाखवते. ज्यांची गावं नदीकाठी आहेत त्यांनी आधी या.