नाईकाची उमेदवारी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



सैन्यभरतीविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना होती. परंतु सातारा-सांगलीकडच्या श्रोत्यांना भरतीविषयी सांगणे म्हणजे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला उसाची लागण शिकविण्यासारखे आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, म्हणजे मिरजेला गाडीत बसले की काही तासांत दारात. तेव्हा भरतीचा दरवाजा आपणा सर्वांना ठाऊक आहे.

मी आज बोलणार आहे तो दुसऱ्या दरवाजाविषयी. त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही. मुलगा भरती झाला, सात-आठ वर्षे नोकरी झाली, दंडावर दोन फिती लागल्या, म्हणजे तो नाईक झाला. हाताखाली माणसे आली, गावात मान वाढला. आणि एके दिवशी तो म्हणतो की मला ही पलटण सोडून पॅरा कमांडोंच्या पलटणीत जायचे आहे. तेथे गेल्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून उमेदवारी करावी लागते. हे त्याने करावे काय? आणि घरच्यांनी त्याला करू द्यावे काय?

प्रथम नाईक म्हणजे कोण, ते पाहू. पायदळात दहा माणसांचा एक सेक्शन, तीन सेक्शनांची एक प्लॅटून, तीन प्लॅटूनांची एक कंपनी. सेक्शनचा प्रमुख नाईक किंवा हवालदार असतो. लढाईचा नकाशा जनरलसाहेब आखतात हे खरे, पण त्या नकाशावरच्या शेवटच्या शंभर यार्डांत जनरलसाहेब नसतात, नाईक असतो. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सेक्शनमधील सर्वजण ठार तरी झाले किंवा जखमी तरी. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली, शेवटी तर बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तेथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील तरुण. वय अवघे बावीस. त्या क्षणी हुकूम द्यायला त्यांच्या वर कोणी नव्हते आणि पाळायला खाली कोणी उरले नव्हते.

याच तिसऱ्या पलटणीची पुढची हकीकत आपल्या विषयाला धरून आहे. महायुद्धानंतर ही सबंध पलटण छत्रीधारी झाली. काश्मीरच्या लढाईत ती ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये होती, आणि त्या ब्रिगेडचे नेतृत्व होते ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्याकडे. उस्मानसाहेब मूळचे बलुच रेजिमेंटचे. फाळणीच्या वेळी ती रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली आणि उस्मानसाहेबांनी भारतात राहणे पसंत केले. म्हणजे ज्या घरात त्यांची सारी उमेदवारी झाली, ते घर सोडून त्यांना दुसऱ्या घरात जावे लागले, आणि तेथून ते छत्रीधारी ब्रिगेडवर आले. झांगर परत घेईपर्यंत आपण पलंगावर झोपणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. मार्च १९४८ मध्ये झांगर परत मिळाले. ३ जुलै १९४८ रोजी तेथेच तोफेच्या गोळ्याने त्यांना वीरमरण आले. दिल्लीला जामिया मिल्लियाच्या परिसरात त्यांची कबर आहे. सहलीला जाणाऱ्या शिक्षकांनी मुलांना ती अवश्य दाखवावी. लाल किल्ला सगळेच दाखवतात.

१९५२ साली पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली आणि ही मराठा पलटण ‘२ पॅरा’ झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हुकमतीखाली हीच पलटण पूर्व बंगालमध्ये टांगाईलजवळ विमानांतून उतरली. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची, म्हणून पुंगली पूल ताब्यात घ्यायचा होता. आता कल्पना करा, संध्याकाळची वेळ, परका मुलुख, जवान विखरून पडलेले, काही सामान तळ्यांत गेलेले. अशा वेळी कर्नल एकेकाला शोधीत फिरत नाही. जो नाईक ज्या शेतात पडला, त्याने आसपासची माणसे गोळा करायची, ती आपल्या सेक्शनची असोत वा नसोत, आणि पुलाची दिशा धरायची. पूल त्याच रात्री हाती आला. १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरलेल्या भारतीय तुकड्यांत ही पलटण होती.

कमांडोंची गोष्ट याहून थोडी वेगळी. १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी निरनिराळ्या पलटणींतील स्वेच्छेने आलेले जवान निवडून एक छोटी तुकडी उभी केली व शत्रूच्या हद्दीत शिरून छापे घातले. त्यातूनच १९६६ साली पहिली पॅरा कमांडो पलटण जन्माला आली. ‘स्वेच्छेने’ हा शब्द तेव्हापासून या दलाच्या मुळाशी आहे. हुकमाने कोणाला तेथे पाठवीत नाहीत.

आपल्या भागाशी अधिक जवळचे उदाहरण २१ व्या मराठा पलटणीचे. ही पलटण १९८५ साली उभी राहिली आणि १९९६ साली तिचे रूपांतर २१ पॅरा, स्पेशल फोर्सेस, असे झाले. पाटी बदलली म्हणून काम संपले, असे या दलात होत नाही. प्रत्येकाला कसोटीतून जावे लागते. तो शिपाई असो, हवालदार असो वा अधिकारी. ही पलटण ‘वाघनख’ या नावाने ओळखली जाते. (२०२४ साली लंडनहून आलेली वाघनखे पाहायला आपण साताऱ्याच्या संग्रहालयात रांगा लावल्या, तेच नाव धारण करणारी माणसे ईशान्येच्या जंगलांत आहेत, हे रांगेत किती जणांना ठाऊक होते कोण जाणे.) साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीचे. सातारच्या सैनिक शाळेचे ते विद्यार्थी. तरुण अधिकारी असतानाच, २००३ साली, त्यांना सेना पदक मिळाले. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करताना त्यांना वीरमरण आले. पुढे २०१७ साली त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः प्रशिक्षण पुरे करून लेफ्टनंट झाल्या.

आता त्या कसोटीविषयी. तिला ‘प्रोबेशन’ म्हणतात आणि ती काही महिने चालते. पाठीवर ओझे, हातात हत्यार आणि दहा, वीस, तीस, चाळीस किलोमीटरच्या वाढत्या मजला. झोप तोडलेली, जेवण अनिश्चित. याचे वर्णन आमची मुले मोबाइलवर रोज पाहतात, म्हणून मी त्यात वेळ घालवीत नाही. ज्याचे चित्रण होत नाही, ते मला शिक्षक म्हणून महत्त्वाचे वाटते. थकून चूर झालेल्या माणसाला एकदम विचारतात की मघाशी वाटेत काय काय दिसले, पूल किती होते, उत्तर कोणती? नकाशा एकदा दाखवून काढून घेतात व आठवणीने काढायला लावतात. कारण ही माणसे पुढे अगदी लहान टोळीने, पाच-सहा जणांनी, शत्रूच्या मुलखात खोल जातात. त्यांत एक बिनतारी यंत्राचा जाणता, एक सुरुंगाचा, एक जखमीवर उपचार करणारा. आणि एकाचे काम अडले तर दुसऱ्याला ते यावे लागते. छत्रीचे शिक्षण आग्र्याला होते. पाच उड्या, त्यांतील एक रात्रीची. मग छातीवर पंख लागतात.

या काळात दंडावरच्या फितींना फारसा अर्थ नसतो. ब्रिटिश सैन्याच्या एसएएस या दलात तर बाहेरून येणाऱ्या जवानाला आपला हुद्दा सोडून साध्या शिपायाच्या जागेवर यावे लागते, अशी रीतच आहे. आपल्याकडे रीत वेगळी असली तरी मनाची अवस्था तीच. काल दहा जणांना हुकूम देणारा आज विशीतल्या पोराशेजारी उभा राहतो, आणि पुष्कळदा ते पोर त्याच्यापुढे धावते. शरीराचे दुखणे सोसते. हे सोसायला वेगळी छाती लागते.

माझ्या पहिल्या तुकडीतला एक विद्यार्थी इंजिनियर दलात नाईक होता. मिरज तालुक्यातल्या गवंड्याचा मुलगा. त्याने स्वेच्छेचा अर्ज दिला, तेव्हा त्याचे वडील माझ्या घरी आले. म्हणाले, “सर, तुमचं ऐकतो तो. समजवा त्याला. दोन फिती लागल्यात, तिसरी यायची वेळ झाली. भरलेलं ताट सोडून उठतंय पोरगं.”

त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही, आपणही नेऊ नये. फौजेत जितका हुद्दा वर, तितकी नोकरीची वर्षे अधिक. नव्या घरात गेल्यावर ज्येष्ठता मागे पडली आणि तिसरी फीत हुकली, तर तो तोटा निवृत्तिवेतनापर्यंत पोचतो. घरी दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. बाप हिशेब मांडत होता, आणि हिशेब मांडणे हे त्याचे कामच होते. तो मुलगा सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला ‘जा’ही म्हटले नाही आणि ‘नको’ही म्हटले नाही. एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. निवड झाली तर ज्येष्ठता कशी धरतात? परत यावे लागले तर तुझी जागा काय? आणि गुडघे-पाय यांची डॉक्टरी तपासणी तू स्वतः होऊन केलीस काय? ही उत्तरे आपल्या कचेरीतून लेखी आण, वडिलांपुढे ठेव, मग बोलू. त्याने आणली. वडिलांनी ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, “जाऊन ये बाबा.”

तो गेला. पाचव्या आठवड्यात पायाच्या नळीच्या हाडाला बारीक चीर गेली आणि तो आपल्या युनिटला परतला. गावात बोलणे झाले की नापास होऊन आला. मला हे बोलणे अत्यंत अन्यायाचे वाटते. तेथे जाणाऱ्यांपैकी बहुतेकजण परत येतात. ती व्यवस्थाच तशी आखलेली आहे. आपण मात्र शाळेच्या निकालपत्राचा शिक्का प्रत्येक ठिकाणी मारतो. तो मुलगा आता हवालदार आहे, आणि तेथे शिकलेले नकाशावाचन आपल्या जवानांना शिकवितो. पुन्हा अर्ज करणार काय, हे मी त्याला विचारलेले नाही.

काही पालक मला खाजगीत म्हणतात, “आपल्या मुलांना तेथे कोण घेणार?” त्यांना मी १० सप्टेंबर १९६५ च्या खेमकरणची आठवण देतो. जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडणारे परमवीर अब्दुल हमीद हे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते. तेही फितीवालेच. जुन्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमान जवान भरती होत असत, हेही आपल्याच इतिहासात आहे.

२०२२ साली अग्निपथ योजना आल्यापासून हिशेब अधिक कठीण झाला आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त चौथा हिस्सा जवान कायम राहतो. म्हणजे नाईक होण्याआधीच एक गाळणी लागली. माझ्या मते ही गाळणी गुणी मुलांनाही बाहेर टाकील; तथापि ती आहे, आणि तिच्यातून जायचे तर पहिल्या वर्षापासून अंगी कसब हवे.

बेळगावला ‘ज्युनियर लीडर्स विंग’ नावाची संस्था आहे. तेथे देशभरचे नाईक, हवालदार आणि तरुण अधिकारी कमांडोचे शिक्षण घ्यायला येतात. ज्या बेळगावला आपण बाजारासाठी जातो, तेथे काश्मीर-नागालँडचे जवान शिकायला येतात. त्यांना जे लागते त्यातले बरेचसे आपल्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. परीक्षेत मुले समोच्चरेषांचा प्रश्न ‘पर्याय’ म्हणून सोडून देतात. ज्याला त्या रेषा पाहून डोंगराचा चढ डोळ्यांपुढे आणता येत नाही, त्याच्या मागे पाच माणसांनी अंधारात का जावे?

मुख्याध्यापकांची परवानगी मिळालेली आहे. येत्या रविवारपासून सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणावर आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी नकाशावाचनाचा वर्ग घेईन. सर्व्हे ऑफ इंडियाचा एक नकाशा शाळेत आहे, एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर या प्रमाणाचा. होकायंत्रे दोनच आहेत, म्हणून पाळीपाळीने वापरू. येताना वही, पेन्सिल, पट्टी आणि पायात बूट. चप्पल घालून येऊ नये.