गाव कुणी वसवलं?

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गावाचा इतिहास सांगा म्हटलं की आपण पाटील, मालगुजार आणि साहेबांची नावं सांगतो. आज मी जरा लांबून सुरुवात करते, पाँडिचेरीपासून.

१६७४ साली फ्रांस्वा मार्तँ या फ्रेंच व्यापाऱ्यानं तिथं वखार थाटली. जागा दिली विजापूरचा सरदार शेरखान लोदी यानं. १६७७ साली शिवाजी महाराजांनी लोदीचा पराभव केला, तेव्हा मार्तँनं वकील पाठवून तिथं राहण्याची परवानगी मिळवली. १६९३ साली डचांनी ते गाव घेतलं आणि तहानंतर १६९९ साली परत केलं. ही सगळी नावं पुस्तकात सापडतात.

पण फ्रेंच आले कशासाठी? कापडासाठी. तिथलं निळं कापड पुढे पश्चिम आफ्रिकेत जायचं आणि त्याच्या मोबदल्यात माणसं गुलाम म्हणून विकत घेतली जायची. ते कापड विणायला सूत लागे. एका मागाला सूत पुरवायला अनेक जणींचे हात लागत. खेड्यापाड्यांत ते सूत बायका कातत होत्या. त्यांच्यापैकी एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १८५४ साली इंग्रजांनी दत्तकाचा हक्क नाकारून नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा केलं. १८६२ साली नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा केला. ठाणं आधी पुलगावजवळ कवठ्याला होतं. १८६६ साली ते पालकवाडीला हलवलं आणि नदीच्या नावावरून गावाचं नाव वर्धा ठेवलं. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, म्हणून त्यांची नजर हिंगणघाटच्या कापसावर होती.

फरक लक्षात घ्या. पाँडिचेरीहून कापड नेलं जायचं. वर्ध्याहून कापूस नेला गेला आणि कापड इकडे विकायला आलं. मधलं काम गेलं. मधलं म्हणजे काय? सरकी काढणं, पिंजणं, कातणं. त्यातलं बरंचसं बायका घरी बसून करत. कोष्ट्यांच्या आणि महारांच्या घरात त्याच कमाईवर चूल पेटायची. कोष्ट्याचा माग थांबला हे इतिहासात लिहिलं जातं, पण त्याच्या घरातला रहाट थांबला हे क्वचितच. पुढे जिनिंगचे कारखाने निघाले. तिथं बायका पुन्हा कामाला गेल्या, पण आता कमी रोजावर, रुईच्या धुळीत.

याच जिल्ह्यात चरखा परत आला. १९३६ साली गांधीजी सेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झालं. त्याच्या आदल्याच वर्षी चरखा संघानं कातणाऱ्यांना किमान मजुरी देण्याचं धोरण स्वीकारलं. म्हणजे सूतकताईची मजुरी फार थोडी आहे हे कबूल करावं लागलं. खादीचं कौतुक खूप झालं, या मजुरीच्या प्रश्नाची आठवण मात्र फारशी कुणी ठेवली नाही. आपण ठेवली पाहिजे.

कारण प्रश्न अजून तोच आहे. कापूस वेचायला बायकाच जातात, मजुरी किलोवर मिळते, पाठ मोडते. आणि सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्याच नावावर असतो. जिच्या कामाची नोंद नाही, तिचा हक्क मागताना पुरावा कुठून आणायचा? म्हणून इतिहास हा आपल्या कामाचाच भाग आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक काम करून यावं. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसावं. तिच्या आईनं, आजीनं काय काम केलं, किती मजुरी मिळाली, पैसे कुणाच्या हातात गेले, हे विचारावं आणि वहीत तिच्या नावासह लिहून आणावं. गाव कुणी वसवलं याचं उत्तर आपण त्या वहीतून शोधायला लागू.