स्किमर फेस देत नाही? नवा घेण्याआधी हे ऐका

आजचा भाग एका मेसेजवरून सुचला. एका श्रोत्याने लिहिलंय, "दादा, २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. स्किमरमध्ये बुडबुडे दिसतात, पण कप आठवडाभर कोरडाच. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडतात. मोठा स्किमर घेऊ का? महिन्याचं घरभाडं जाईल."

थांब मित्रा. खरेदी नंतर, आधी मासे. सकाळी मासे वर येतात म्हणजे बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडतोय. रात्री दिवे बंद, शेवाळसुद्धा ऑक्सिजन घेतं. त्यात खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो. २५ अंशांवर गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात पावणेसात. म्हणून आजच एअर स्टोन लाव आणि पंपाचं तोंड पृष्ठभागाकडे वळव. अमोनियाही तपासून घे.

आता फेस. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर पिवळट फेस बघितलाय ना? स्किमर तेच काम नळकांड्यात करतो. पाण्यातल्या प्रथिनांचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे ती बुडबुड्याला चिकटतात आणि फेसाबरोबर कपात जातात. बुडबुडा बारीक असला की चिकटायला जागा जास्त. १ मिलिलिटर हवेचे १ मिलिमीटरचे बुडबुडे केले तर पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचे केले तर थेट १२०. शिवाय बारीक बुडबुडे सावकाश वर जातात, म्हणजे चिकटायला वेळही जास्त.

आम्ही ऑफिसात बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तेच कर.

पहिली तपासणी हवेची. तुझ्या दोन्ही लक्षणांचा धागा इथेच जुळतो, कारण स्किमर पाण्यात हवाही मिसळतो. हवेच्या नळीच्या तोंडावर बोट ठेव. ओढ जाणवली पाहिजे. नळीत मीठ साचून ती बुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. पंप चालू असताना नळीतून कपभर कोमट साधं पाणी ओढू दे, मीठ विरघळून जाईल.

दुसरी, पंपाची. प्लग काढ, पंप उघड. आतल्या दातेरी चाकावर चुन्याचा पांढरा थर असेल तर बुडबुडे मोठे होतात. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात भिजव, जुन्या टूथब्रशने घास, नीट धू.

तिसरी, सम्पमधल्या पाण्याची उंची. माहितीपत्रकात आकडा असतो, बऱ्याच मॉडेलना १५ ते २० सेंटिमीटर लागतं. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी उतरते आणि फेस गळ्यापर्यंत पोचतच नाही. भर घालताना आरओचं साधं पाणी घाल, खारं नाही. मीठ उडून जात नाही, ते टाकीतच राहतं.

चौथी, खारेपणा. रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटीच्या आसपास हवा. पाणी पातळ झालं की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. गोड्या पाण्यात असे स्किमर नीट चालत नाहीत ते यामुळेच. फरक निघाला तर हळूहळू दुरुस्त कर, एका दिवसात नको.

पाचवी, तेल. तेलकट खाद्य किंवा हाताला लावलेलं क्रीम पाण्यात गेलं की फेस काही तास बसतो, मग आपोआप परत येतो. कपाच्या गळ्यावरचा चिकट थरही फेस मोडतो. दर दोन-तीन दिवसांनी तो पुसून काढ.

हे सगळं झाल्यावरच नॉब फिरव. आतली पाण्याची पातळी थोडी वाढेल एवढाच, आणि मग २४ तास हात लावू नकोस. सारखा फिरवत बसलास तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. कपात काळ्या चहासारखं पाणी जमायला लागलं की जमलं.

स्किमर अगदी नवा असेल तर आठवडा-दोन आठवडे थांब. आतून तेलाचा अंश निघून गेल्यावरच तो रुळतो. आणि टाकीत दोनच छोटे मासे असतील, खाणंही बेताचं असेल, तर फेस कमीच येणार. काढायला घाणच नाही, मोठा स्किमर आणून कप कसा भरेल?

मासे भरपूर आहेत, वरचं सगळं नीट आहे, आणि तरी दोन आठवडे कप कोरडा? मग मोठा घे, मीही तेच करेन. तोपर्यंत भाड्याचे पैसे राहू देत. आज रात्री एअर स्टोन, उद्या हवेची नळी. काय निघालं ते व्हॉइस नोटने कळव, पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू. भेटू!