चिखलातली धुडे

श्रोतेहो, विहिरीवरचे ऑइल एंजिन ज्यांनी हँडल मारून चालू केले आहे, त्यांना माझा आजचा विषय अर्धा अगोदरच ठाऊक आहे. एंजिनाच्या डोक्यावरचा खटका उचलायचा, हँडल फिरवून चाकाला वेग द्यायचा आणि मग खटका सोडायचा. घाई केली आणि हँडल उलटे फिरले, तर मनगट कामातून जाते. मी ज्या मोटारसायकलींविषयी बोलणार आहे, त्या असल्याच स्वभावाच्या. फरक इतकाच, की ऑइल एंजिन जागच्या जागी बसलेले असते, आणि ही फटफटी माणसाला पाठीवर घेऊन उड्या मारते.

मोटोक्रॉस म्हणजे माळावरची, चिखलावाळूतली, चढउतारांची मोटारसायकल-शर्यत. इंग्लंडात तिला पूर्वी 'स्क्रँबल' म्हणत. १९२४ साली सरे परगण्यात कॅम्बर्ली येथे अशी एक शर्यत झाली, तीच पहिली असे मानतात. पुढे फ्रान्स-बेल्जियमकडे 'मोटोक्रॉस' हे नाव पडले आणि तेच टिकले. १९५७ पासून पाचशे सी.सी.च्या वर्गात जागतिक अजिंक्यपद ठेवण्यात आले. पहिल्या वर्षी ते स्वीडनच्या बिल निल्सनने मिळवले. पाचशे सी.सी. म्हणजे किती? आपल्या लुनाचे एंजिन पन्नास सी.सी.चे होते. दहा लुना एकाच सिलिंडरात कोंबल्या असे समजा, आणि त्याखाली फक्त दोन चाके.

आरंभी हा सारा फोर-स्ट्रोक गाड्यांचा खेळ होता. गाड्या जड, आवाज खर्जातला, ओढ मोठी. १९६४ आणि १९६५ या दोन्ही वर्षी इंग्लंडचा जेफ स्मिथ बी.एस.ए. गाडीवर जिंकला. बी.एस.ए.च्या बर्मिंगहॅमच्या लोकांनी गंमत केली होती. प्रतिस्पर्ध्यांची एंजिने पूर्ण पाचशेची. यांनी अडीचशेच्या रस्त्यावरच्या साध्या गाडीचेच एंजिन वाढवत वाढवत नेले, पहिल्या वर्षी ४२० आणि दुसऱ्या वर्षी ४४१ सी.सी.पर्यंत, आणि गाडी हलकी ठेवली. सिलिंडराचा व्यास ७९ मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. शिक्षक मंडळींनी हे गणित मुलांना फळ्यावर अवश्य घालावे. उत्तर ४४१ घनसेंटिमीटरच येते.

त्यानंतर मात्र ब्रिटिश गाडीने हे पद पुन्हा मिळवले नाही. १९६६ साली पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिक्स झेकोस्लोव्हाकियाची ३६० सी.सी.ची टू-स्ट्रोक सी.झेड. गाडी घेऊन आला आणि सलग तीन वर्षे जिंकला. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, म्हणजे वजन कमी. ही सी.झेड. आपल्याला अगदीच परकी नाही. युद्धानंतर तिचा आणि जावाचा संसार एकच झाला होता, आणि जावाच्याच परवान्यावर १९६० पासून म्हैसूरला गाड्या बनू लागल्या. पुढे त्यांनाच आपण येझदी म्हणू लागलो. तुमच्या गावात एखादी येझदी अजून धूर सोडत असेल, तर ती या घराण्यातली चुलत बहीण समजा. पुढची हकिकत लांबवीत नाही. १९७१ साली बेल्जियमच्या रॉजर डी कोस्टरने सुझुकीवर पद मिळवले आणि जपान्यांचा काळ सुरू झाला. मायको हा जर्मन कारखाना १९८१ साली ४९० सी.सी.ची नामांकित गाडी काढून १९८३ मध्ये बुडाला. होंडाची पाचशेची टू-स्ट्रोक २००१ पर्यंत आणि कावासाकीची २००४ पर्यंत निघाली. मग ही जातच संपली. आज ज्या उरल्या आहेत, त्या लोकांनी गोठ्यांतून, शेडमधून आणि भंगारातून शोधून उभ्या केलेल्या आहेत.

अशी एक गाडी उभी करण्यात माझा हात होता, आणि तीत मी चूकही केली. तेच सांगण्यासाठी मी आज आलो आहे.

१९८९ साली मी बर्मिंगहॅमला फिटर होतो. आमच्या आळीत एक वयस्क गृहस्थ राहत. तरुणपणी ते स्क्रँबल खेळलेले. त्यांच्या शेडमध्ये १९६५ च्या सुमाराची ४४१ ची बी.एस.ए. व्हिक्टर, शर्यतीचीच, वीस वर्षे पडून होती. टाकीत गंज, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक झालेला, सीटमध्ये उंदरांचे घर. बी.एस.ए.चा तिथला कारखाना १९७० च्या दशकातच बंद पडला होता, म्हणजे सुटे भाग मागायचे ते कोणाकडे? तरी त्यांच्या मनाने घेतले होते, की येत्या वसंतात या गाडीवर बसून एकदा टेकडी चढायची. इंग्लंडात जुन्या गाड्यांच्या शर्यती निराळ्या होतात, वय पाहून वर्ग पाडलेले असतात. वृद्ध माणसेही हौसेने उतरतात.

गाडी सुटी केली आणि सांगाडा वाळूच्या झोताने साफ करून घेतला. वाळूचा झोत म्हणजे दाबाच्या हवेबरोबर वाळू मारायची. रंग, गंज सारे उडून लखलखीत लोखंड उघडे पडते. मला फार समाधान वाटले. मग मी आमच्या वडिलांनी शिकवलेला उपाय केला. ते इकडे एका वर्कशॉपमध्ये होते. जोडांवर रॉकेल लावायचे, घटकाभर मुरू द्यायचे, फडक्याने कोरडे पुसायचे आणि वर खडूची पूड चोळायची. जिथे डोळ्यांना न दिसणारी चीर असते, तिथे आत शिरलेले रॉकेल परत बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. यात खर्च असा काही नाही. शाळेत खडू असतोच. नांगराच्या तुटक्या फाळावर मुलांना करून दाखवा.

हँडलची दांडी सांगाड्याला जिथे जोडलेली असते, तिथे बोटभर लांबीची रेघ उमटली.

मी गृहस्थांना बोलावून ती दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, एवढी बारीक चीर, रंगाखाली जाईल. शर्यतीला थोडेच दिवस राहिले आहेत. श्रोतेहो, गाडी त्यांची, पैसा त्यांचा आणि वयानेही ते मला वडिलांसारखे. परंतु उडीनंतर गाडी जमिनीवर येते तेव्हा सारा आघात त्याच जोडावर येतो, आणि तो सुटला तर पुढचे चाक एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. मी सांगितले, की ही चीर बुजवल्याशिवाय माझ्या हाताने एकही बोल्ट बसणार नाही. त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगाडा खांद्यावर टाकून एका जुन्या कारागिराकडे घेऊन गेले. त्याने विजेचे वेल्डिंग केले नाही. या नळ्या उत्तम पोलादाच्या, पातळ असतात. अति तापल्या तर जोडाशेजारीच ठिसूळ होतात. त्याने बेताच्या आचेवर पितळी झाळण घालून जोड भरला. परत रॉकेल, परत खडू. रेघ आली नाही.

इथवर माझे सारे बरोबर होते. आता चूक ऐका. या व्हिक्टरला तेलाची निराळी टाकी नाही. सांगाड्याची वरची जाड नळी हीच तेलाची टाकी. वजन वाचवण्यासाठी केलेली ही युक्ती. मी वाळूचा झोत मारून घेतला तेव्हा तिची तोंडे चिंध्यांनी बंद केली होती. परंतु चिंधी म्हणजे बूच नव्हे. नंतर रॉकेलने एकदा नळी धुतली आणि झाले असे समजलो. गाडी जोडली, एंजिन सुरू झाले, अंगणात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वीस मिनिटांनी खालून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. एंजिन उघडले. नळीच्या कोपऱ्यात अडकलेली वाळू तेलाबरोबर पंपातून थेट कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगमध्ये गेली होती आणि त्याची कानस झाली होती. इतके दुर्मिळ बेअरिंग मी वीस मिनिटांत खाल्ले.

चीर दाखवताना मी फार ताठ होतो. आता त्याच माणसाला माझी चूक सांगायची होती. सांगितली. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, चहा कर. त्या वर्षीची शर्यत हुकली.

तो सारा हिवाळा आम्ही नळी धुण्यात घालवला, असे म्हटले तरी चालेल. आत रॉकेल आणि बारीक साखळीचा तुकडा घालायचा, दोघांनी दोन्ही टोके धरून घुसळायची, पांढऱ्या फडक्यावर ओतायचे. फडक्यावर कण दिसला, की पुन्हा पहिल्यापासून. तेल परत येण्याच्या वाटेवर बारीक जाळीही बसवली. ज्या कोणाला विहिरीवरचे एंजिन किंवा ट्रॅक्टर वाळूने साफ करून घ्यायचा असेल, त्याने तेलाची प्रत्येक वाट आधी लाकडी किंवा रबरी बुचाने बंद करावी. चिंधीवर विसंबू नये.

चाकांचे काम मात्र फार आनंदाचे. बैलगाडीचा लाकडी आरा वजन अंगावर घेऊन उभा असतो. मोटारसायकलीचा तारेचा आरा ताणलेला असतो, ताण गेला की त्याचा उपयोग संपला. ताण ओळखायचा कसा? पान्याने हलकेच टिचकी मारायची आणि कान द्यायचा. कसलेला आरा टणक वाजतो, सैल आरा भद्द वाजतो. भजनात तंबोरा लावणारा माणूस चाक बरे लावतो, असा माझा अनुभव आहे.

ज्यांच्याकडे टू-स्ट्रोक आहे, येझदी असो की राजदूत, त्यांना जाता जाता एक गोष्ट सांगतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली, की क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सीले वाळतात. तिथून बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडते, आणि पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेले तेलही कमी. पिस्टन तापतो आणि भर वेगात सिलिंडराला धरतो. जुनी टू-स्ट्रोक चालू करण्यापूर्वी ही सीले बदला. रंगाचे मग बघता येईल.

वसंत आला. व्हिक्टर उभी राहिली. किक मारण्याचा विधी असा: आधी पायाने हळूहळू पिस्टन वर आणायचा, दाब जाणवला की खटका दाबून तो माथ्याच्या किंचित पुढे न्यायचा, खटका सोडायचा, किक वर घ्यायची आणि मग संपूर्ण लांबीची किक, मधे न थांबता. अर्धवट किक मारली किंवा ठिणगी फार लवकर पडत असली, तर किक उलटून पायाला असा फटका देते, की आठवडाभर लंगडावे. मला एकदा दिला आहे. बूट होता म्हणून घोटा वाचला.

तिच्यावर बसायचेही एक शास्त्र आहे. खरे तर बसायचे नाहीच. पायदांड्यांवर गुडघे वाकवून उभे राहायचे. १९६० च्या दशकातल्या गाड्यांचे मागचे शॉकअॅब्सॉर्बर जेमतेम दहा सेंटिमीटर दबतात. उरलेले शॉकअॅब्सॉर्बर म्हणजे तुमचे गुडघे. पुढे या बाबतीत मोठी सुधारणा झाली. ल्युसियन टिल्केन्स नावाच्या एका बेल्जियन प्राध्यापकांनी मागे दोनऐवजी एकच लांब शॉकअॅब्सॉर्बर बसवण्याची कल्पना काढली. यामाहाने ती घेतली, आणि १९७३ साली अडीचशेच्या वर्गात त्या रचनेवर अजिंक्यपद मिळवले. आमच्या व्हिक्टरला ते सुख कुठले! चढावर अंग पुढे, उतारावर मागे, उडीनंतर मागचे चाक आधी टेकवायचे. आपल्या जुन्या बुलेटप्रमाणेच गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, आणि ड्रममध्ये चिखलाचे पाणी गेले की ब्रेक नावालाच.

ते गृहस्थ अंगात जुनी लोकरी जर्सी घालून उतरले. माळ ओला होता. मी टेकडीच्या पायथ्याशी कुंपणाजवळ उभा होतो. माझी नजर माणसावर नव्हती, हँडलखालच्या त्या जोडावर होती. सुरुवातीच्या गर्दीत त्यांनी कोणाशी चुरस केली नाही. चढण आली तेव्हा पुढचे दोघे घसरून आडवे झाले होते. यांनी एंजिनाला मोकळे सोडले. तो आवाज टू-स्ट्रोकचा किंकाळीसारखा नसतो. ठोके मोजता येतील असा असतो. ते ठोके मोजीतच गाडी वर गेली, माथ्यावर दोन्ही चाके हातभर सुटली, आणि मागचे चाक आधी टेकले.

शर्यतीत ते शेवटून तिसरे आले. खाली आल्यावर हेल्मेट काढून त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा, की डबीत खडू शिल्लक आहे का. आम्ही गाडी तिथेच कुंपणाला टेकवली आणि जोडावर रॉकेल लावले.